लाल कायम

टीव्हीवाल्यांनी माझं नाव ‘रणरागिणी’ ठेवलंय. ठेवू देत बापडे, त्यांनाही पोट आहे. पण परवा वरच्या मजल्यावरच्या शेवंताकाकू जिन्यात अडवून माझ्या पाया पडायला वाकल्या, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं.

“काकू, अहो काय करताय? मी काय केलंय ते तरी माहीत आहे का तुम्हाला?”

“नवऱ्यावर पिस्तूल धरलंस, पोरी! आमच्या वेळी कुणाची छाती झाली असती का?”

हसावं की रडावं तेच कळेना. म्हणून म्हटलं, एकदा सगळं नीट सांगून टाकू. मग ज्याला पाया पडायचंय त्याने पडावं आणि ज्याला थुंकायचंय त्याने थुंकावं.

मी वैजयंता साळोखे, हवालदार, देवठाण पोलीस ठाणे. माझा नवरा हणमंत, तोही हवालदार. म्हणजे मधलं वर्षभर होता म्हणा, नव्हता म्हणा, निलंबित माणसाला काय म्हणायचं ते खात्यालाही ठरवता आलं नव्हतं. आम्ही एकाच बॅचचे. ट्रेनिंगला असल्यापासून अरे-तुरे, फक्त सासूबाईंच्या समोर ‘अहो’. फार बोलका माणूस. आरोपीला गाडीतून नेताना त्याच्या आईच्या गुडघेदुखीची चौकशी करणारा. मी चिडवायची, “अरे, तू पोलीस आहेस का पाहुणा?”

गेल्या वर्षी आमच्या एसटी स्टँडवर एक पोरगा कोयता घेऊन शिरला. कुठल्या टोळीचा नाही, कुणी पाठवलेला नाही. खोलीचं दार लावून मोबाईलवर कसली कसली विखारी भाषणं ऐकून डोकं भडकलेलं. अशांना आता बातम्यांत एकांडा हल्लेखोर म्हणतात. त्याने दोघांना पाडलं तरी लोकांना वाटत होतं की भांडण चाललंय. हणमंत तिथे बंदोबस्ताला होता. पिस्तूल काढून समोर उभा राहिला. पोरगा रडत होता. हणमंत म्हणाला, “ठेव खाली, बाळा.” पोराने कोयता खाली केला. हणमंत पुढे सरकला, तसा तो गर्रकन वळला आणि मागे उभ्या असलेल्या बाईवर धावला.

सुगंधा कासार तिचं नाव. लेकीला दिवस गेले होते म्हणून आमच्या टेकाईदेवीची ओटी भरायला निघाली होती. तिच्या पिशवीतला नारळ फलाटावरून गडगडत हणमंतच्या बुटाशी येऊन थांबला.

मग हणमंतनेच त्या पोरावर झेप घेऊन त्याला दाबून धरलं, दंडावर वार झेलला. पण ती क्लिप कुणी दाखवली नाही. दाखवली ती ‘ठेव खाली, बाळा’ एवढीच, दिवसरात्र. तीन जीव गेले होते, लोकांचा संताप खोटा नव्हता, खात्याने त्याला निलंबित केलं. पण भाजीवालीसुद्धा त्याला बघून “काय बाळा, काय देऊ?” म्हणायला लागली तेव्हा त्याने बाजारात जाणं सोडलं. मग मित्र सोडले. मग बोलणं.

आणि गंमत बघा, त्याच महिन्यात दुसऱ्या एका शहरात पोलिसांनी ‘थांब’ म्हटल्यावर न थांबलेल्या माणसाला गोळी घातली. त्याला ऐकूच येत नव्हतं. झालं! एका चॅनेलवर ‘पोलीस गोळी का घालत नाहीत’, दुसऱ्यावर ‘पोलीस गोळी का घालतात’. मोर्चे दोन्ही बाजूंनी. या भांडणातून सरकारने जी वाट काढली ती पारख. दोन्ही बाजूंना एकदम पटलेली या राज्यातली ती एकच गोष्ट असावी.

पारख म्हणजे काय, ते मला जसं शिकवलं तसं सांगते. टेकाईच्या देवळाच्या कमानीत, खांबांत लपवलेले कॅमेरे आणि रडार. रडारला माणसाची छाती किती हलते ते कपड्यांवरून कळतं, त्यावरून श्वास आणि ठोके. दुसरा कॅमेरा अंगाची ऊब बघतो. पोटाला काही बांधलेलं असलं की तेवढी जागा थंड दिसते. माणूस चालतो कसा, इकडेतिकडे बघतो का, हाक मारली तर वळतो का, हेही टिपलं जातं. शिवाय चेहऱ्यावरून त्याची सगळी सरकारी माहिती क्षणात काढली जाते. हे सगळं एकत्र करून पारख ठरवते: हिरवा, पिवळा की लाल.

पुण्याहून आलेल्या केतकी बर्वे मॅडमनी ट्रेनिंगमध्ये एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली होती. “पारखला मन वाचता येत नाही हं. तिला एवढंच कळतं की हा माणूस इथल्या नेहमीच्या माणसांसारखा नाही. नेहमीची माणसं कशी असतात ते आपण तिला दाखवायचं.” म्हणून पारख बसवल्यावर पहिला महिनाभर ती नुसती बघत होती. टेकाईला येणारे लोक, म्हातारे, नवी जोडपी, रडणारी पोरं, सगळे.

आणि आमची नवी पिस्तुलं पारखला जोडलेली. एरवी कुलूपबंद. चाप ओढला तरी ढिम्म. समोरचा लाल झाला की पिस्तूल हातात थरथरतं आणि अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा आवाज होतो. म्हणजे उघडलं. आमचा कुणी मध्ये आला तर त्याच्या बिल्ल्यावरून ते पुन्हा बंद होतं. ऐकायला किती छान! पण हातात घेऊन उभं राहिल्यावर कळतं. जुनं पिस्तूल गप्प असायचं, घालायची की नाही ते माझं मी ठरवायचे. हे उघडतं तेव्हा वाटतं, कुणीतरी आधीच ठरवलंय आणि आता माझ्यामुळे उशीर होतोय.

त्या रविवारी मी कांदा चिरत होते. हणमंत दारात येऊन उभा राहिला. चार दिवसांत त्याच्या तोंडून शब्द फुटला नव्हता.

“मंगळवारी कुठल्या दाराला आहेस?”

“उत्तर दार. का रे?”

“गर्दी किती वाजता होते हल्ली?”

“आठनंतर. येणार आहेस का? ये की, दर्शन घे, बरं वाटेल.”

तो वळला. आत गेला. कपाट उघडल्याचा आणि लगेच बंद झाल्याचा आवाज आला. त्या कपाटाला तो हल्ली कुलूप लावायचा. आत कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं, माझी चाहूल लागली की घाईने सरकवायचा. फोन घरी ठेवून तासन्‌तास बाहेर जायचा. मी विचारलं की “असंच.” आणि मी खोटं कशाला बोलू? हा जिवाचं काही बरंवाईट करून घेतो की काय, ही एकच भीती. दुसरी कुठली भीती तोवर माझ्या मनाला शिवली नव्हती.

मंगळवारी मी उठले तेव्हा तो घरात नव्हता. कपाट उघडं होतं, आणि रिकामं.

पौषातली थंडी. उत्तर दाराशी माझ्या तोंडातून वाफ निघत होती. वरच्या पायरीवर लोंढे हवालदार, तोंडात लवंग, हातात तसलंच पिस्तूल. आठ वाजून गेले होते. पायऱ्यांवर माणूस मावत नव्हता. शाळेची एक सहल आलेली. पोरं कमानीखाली रांगेत उभी राहून गोंधळ घालत होती.

कानातल्या यंत्रात पारखचा आवाज आला. शांत, बाईचा, बातम्या देणारीसारखा.

“लाल. उत्तर मार्ग. एकटा पुरुष. छाती आणि पोट थंड, आवरण असण्याची शक्यता. श्वास अनियमित. हाकेला प्रतिसाद नाही. कमरेला वस्तू.”

पिस्तूल थरथरलं. सुपारी फुटली.

“शस्त्र चालवण्याचं प्रशिक्षण. नोकरीतून निलंबित. वर्षभर समाजाशी संपर्क तुटलेला. जाहीर अपमान झालेला.”

नाव पारख सांगत नाही. पोलिसाने जातधर्म बघून पक्षपात करू नये म्हणून तसा नियमच आहे.

मी वळले. खालच्या वाटेने अनवाणी एक माणूस वर येत होता. डोक्यावरून उपरणं ओढलेलं, पोटाशी दोन्ही हात घट्ट धरलेले. इकडे नाही, तिकडे नाही, नजर सरळ कळसावर. मी त्या चालीबरोबर बारा वर्षं संसार केलाय. उपरण्याखालून हनुवटीवरचा व्रण दिसला आणि शंका उरलीच नाही. हणमंत.

इथे थांबून सांगते, कारण सगळं इथेच आहे. त्याला ओळखल्यावर माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. पडला नाही. उलट घरातल्या एकेक गोष्टी भराभर समोर येऊन उभ्या राहिल्या. कुठल्या दाराला आहेस. गर्दी किती वाजता. कुलूप. कापडात गुंडाळलेलं. फोन घरी. ज्या गावाने त्याला वर्षभर ‘बाळा, बाळा’ करून सोललं, ते अख्खं गाव या पायऱ्यांवर होतं. पारखने यातलं काहीच मला सांगितलं नव्हतं. तिने नुसता धागा दिला आणि माळ माझी मी ओवली.

मी पिस्तूल उचललं. माझ्या नवऱ्याच्या छातीवर धरलं.

“थांब! हात वर!”

तो थांबला. माझ्याकडे बघितलं. तोंड उघडलं नाही आणि हातही वर केले नाहीत, ते पोटाशी धरलेलं काहीतरी सुटेल म्हणून त्याने आणखीच आवळून धरलं.

“लाल कायम,” पारख म्हणाली.

“वैजू, घाल गोळी! घाल की!” वरून लोंढे ओरडला. “पोरं आहेत मागं! तू घाल, नाहीतर मी घालतो!”

माझं बोट चापावर होतं. आणि का कोण जाणे, माझी नजर त्याच्या पायांकडे गेली. पायांखालचा दगड काळा झाला होता. मागे वाटेवर ओल्या पावलांची रांग, थेट खाली देवळाच्या कुंडापर्यंत. धोतराच्या काठावरून पाणी ठिबकत होतं. तो कुडकुडत होता.

अगं बाई! ओलेत्याने आलाय हा!

कुंडात बुडी मारायची, अंग न पुसता, कुणाशी एक शब्द न बोलता, ओलेत्याने देवीपर्यंत चालत जायचं. टेकाईचा जुना नवस. देवस्थानने गरम पाण्याच्या न्हाणीघरांची सोय केल्यापासून फारसं कुणी करत नाही, पण माझ्या सासूबाईंनी केलाय, त्यांच्या सासूबाईंनी केलाय. आणि पारख महिनाभर माणसं शिकत होती तेव्हा कुंड गाळ काढायला बंद होतं. मीच तर तिथे दोरी बांधून लोकांना हाकलत होते! त्या मंगळवारच्या दोनच दिवस आधी ते उघडलं होतं. पारखने जन्मात ओलेता माणूस बघितलाच नव्हता. ओल्या कापडाने अंग गार पडलं, ते तिला आवरण वाटलं. कुडकुडण्याने श्वास विस्कटला, तो तिला घाबरलेल्या माणसाचा वाटला. मौन होतं, ती म्हणाली प्रतिसाद नाही.

मी पळाले. पिस्तूल खाली सोडून सरळ हणमंत आणि लोंढे यांच्या मध्ये जाऊन उभी राहिले, पाठ लोंढेकडे. माझ्या बिल्ल्यावरून वरचं पिस्तूल बंद झाल्याचा आवाज मला एवढ्या गोंगाटात ऐकू आला, किंवा आला असं वाटलं.

“मध्ये काय शिरतेस, मरशील!” लोंढे किंचाळला.

“ओलेता आहे रे हा! नवसाचा माणूस आहे!”

हणमंतच्या हातातलं मी ओढून काढलं. खणात गुंडाळलेला नारळ, तांदूळ, हळकुंड आणि हिरव्या बांगड्या. एक बांगडी तिथेच फुटली. त्याने माझ्याकडे बघितलं, वाकला, तुकडे गोळा केले आणि तसाच पुढे चालू लागला. गाभाऱ्यापर्यंत मी त्याच्या पाठीला पाठ लावून उलटी चालत गेले. पारख सारखी म्हणत होती, लाल कायम, लाल कायम.

सुगंधा कासारची राहिलेली ओटी त्याने भरली. मग बाहेर येऊन पहिला शब्द बोलला, “तिच्या लेकीला मुलगी झाली.”

मी तिथेच पायरीवर बसले आणि हमसून हमसून रडले.

पुढचा तमाशा तुम्ही बघितलाच असेल. एका बाजूचं म्हणणं, यंत्र निरपराध माणसाला मारायला निघालं होतं. दुसरी बाजू म्हणाली, बाईने नवरा बघून हत्यार खाली टाकलं, उद्या खरा हल्लेखोर तिचा भाऊ निघाला तर? चौकशी समिती बसली. आमच्या पीआय साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“साळोखे, तुम्हाला एकच प्रश्न महत्त्वाचा विचारतील. नवऱ्याला ओळखलं कधी? पिस्तूल उचलण्याआधी की नंतर?”

“फरक काय पडतो, साहेब?”

“सगळाच पडतो. नंतर ओळखलं म्हणालात, तर नवरा दिसला म्हणून हत्यार खाली घेतलं असा अर्थ निघेल. मग ओलेत्याचं कारण कोण ऐकतंय? पारख बरोबर, तुम्ही चूक. नोकरी जाईल ती जाईल, आणि पारख जशी आहे तशीच राहील.”

“आणि आधी ओळखलं म्हटलं तर?”

साहेब टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले. “तर तुम्ही नवऱ्यावरही पिस्तूल धरलंत. म्हणजे खाली घेतलंत ते पाणी बघूनच. मग त्यांना तुमचं ऐकावं लागेल.”

घरी हणमंत पोळ्या लाटत होता. त्या मंगळवारनंतर तो पुन्हा हळूहळू बोलायला लागला होता. थोडंच, पण बोलायचा. मी पाटावर बसले. चौकशीचं कसं सांगावं ते जुळवत होते, तेवढ्यात त्यानेच विषय काढला. माझ्याकडे न बघता.

“तुला मी ओळखू आलो नसणार. डोक्यावरून उपरणं होतं.”

मी पोळ्यांचा डबा पुढे ओढला.

“लांबून कळत नाही कुणाला,” तो म्हणाला. पोळी उलटली. “मी तसंच सांगितलंय साहेबांना.”

त्याने ते उत्तर माझ्यापुढे वाढून ठेवलं होतं. मी नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तर आमच्या घरापुरतं सगळं मिटलं असतं. त्याला हवं होतं की मी हो म्हणावं. मलाही हवं होतं, देवाशप्पथ. पण पुढच्या मंगळवारी आणखी कुणीतरी कुंडातून निघून त्या पायऱ्या चढणार होतं, आणि त्याची बायको दाराला उभी नसणार होती.

“पोळी करपतेय,” मी म्हणाले.

चौकशीच्या खोलीत पंखा कुरकुरत होता. निवृत्त न्यायाधीश मध्ये, दोन्ही बाजूंचे वकील, कोपऱ्यात बर्वे मॅडम, आणि मागच्या बाकावर साक्षीदार म्हणून हणमंत, इस्त्रीचा शर्ट घालून. आडनावापासून सुरुवात करून वकिलांनी मला तासभर पिळलं. मग न्यायाधीशांनी चष्मा काढला.

“तुम्ही तुमच्या पतींना कधी ओळखलंत?”

“पिस्तूल उचलण्याआधी.”

“नक्की?”

“त्यांची चाल ओळखली, मग हनुवटी बघितली. खात्री झाली. आणि मग उचललं.”

मागे बघायची माझी हिंमत झाली नाही. बाक वाजला नाही, कुणी उठून गेलं नाही. बर्वे मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं, ते तेवढं दिसलं.

संध्याकाळपर्यंत मी रणरागिणी झाले होते. गोळी घाला म्हणणाऱ्यांना मी आवडले कारण मी नवऱ्यालाही सोडलं नाही. घालू नका म्हणणाऱ्यांना आवडले कारण मी चाप ओढला नाही. सगळ्या राज्यात मी कुणालाच नकोशी नव्हते. पारखला ओलेती माणसं ओळखायला शिकवायचं ठरलं, आणि ती बातमी सगळ्या चॅनेलवर झळकलीही. म्हणजे आता उद्या कुणी मनात वाईट घेऊन अंगावर बादली ओतून आला तर ती त्याला हिरवा म्हणणार का? मी बर्वे मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, “तोच विचार करतेय, ताई. झोप नाही मला.”

घरी आल्यावर हणमंतने चहा टाकला. आलं किसलं. कप माझ्यापुढे ठेवला आणि समोर बसला. मी चहा बशीत ओतला.

“मला दिसलं होतं,” तो म्हणाला. “तुझे डोळे आधी ओळखीचे झाले. मग हात वर आला.”

“हणमंत, अरे, पोरं होती मागे. ते यंत्र कानात—”

“चूक केलीस असं म्हणत नाही मी. खरं सांगितलंस ते बरंच केलंस.” त्याचा आवाज अजिबात चढला नव्हता, तोच मला सहन होत नव्हता. “फक्त एक मनातून जात नाही बघ. स्टँडवरच्या त्या पोराला मी ओळखत नव्हतो. हातात कोयता होता, दोघे पडलेले दिसत होते. तरी माझा हात उठला नाही.”

त्याने कप बाजूला सरकवला.

“तू तर मला ओळखत होतीस.”

मी उठून दोन्ही कप विसळायला घेतले.

तो कुठे गेला नाही. घर सोडलं नाही, भांडला नाही. खात्याने त्याला परत घेतलंय, मुद्देमालाच्या खोलीत बसवलंय. ‘बाळा’ आता कुणी म्हणत नाही. आम्ही एकत्र जेवतो, सासूबाईंना फोन करतो, कधीमधी हसतोही. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, आटपलं एकदाचं सगळं.

फक्त घराबाहेर पडताना तो हल्ली दारात थांबतो. कुठे चाललोय ते सांगतो, केव्हा येणार ते सांगतो. मग खांद्यावरची पिशवी काढतो, तोंड उघडतो आणि माझ्यासमोर धरतो. आत डबा असतो, पाण्याची बाटली, छत्री.

मी म्हणते, “अरे, राहू दे रे, काय हे.”

आणि वाकून बघते.